द्यूतगृहाचे भागीदार

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. चहा-फराळ झाला, कॉलेजांतल्या जुन्या गोष्टी निघाल्या, आणि निघतांना उंबऱ्याशीं थबकून त्यानें, जणूं कांहीं आतांच आठवलें अशा थाटांत, एक प्रश्न विचारला. त्याचे वडील नुकतेच टपालखात्यांतून निवृत्त झाले होते. फंडाची व ग्रॅच्युइटीची मिळून जी रक्कम हातीं आली होती, तिच्यांतून धाकट्या बहिणीचें शिक्षण व्हावयाचें होतें आणि आईवडिलांचें पुढचें आयुष्य निघावयाचें होतें. त्या रकमेचा तिसरा हिस्सा एका जुगारव्यवसायी कंपनीच्या शेअरांत घालावा असें त्याच्या मनांत होतें. शेअरची किंमत बरीच उतरली होती; घ्यावयाची वेळ ती हीच, असें त्याला कोणीं तरी सांगितलें होतें. “सर,” तो म्हणाला, “जुगार खेळणारा बुडतो हें मला ठाऊक आहे. पण आपण खेळावयाचेंच नाहीं. आपण अड्ड्याच्या मालकाच्या बाजूस बसावयाचें. मालक कधीं हरतो का?”

उंबऱ्यावर उभ्याउभ्या उत्तर द्यावें असा हा प्रश्न नव्हता. आम्हीं त्यास पुन्हां आंत बसविलें, आणि त्या सायंकाळीं जें तुटकपणें सांगितलें तेंच आज थोड्या सुसंगत रीतीनें वाचकांपुढें ठेवीत आहों. आम्ही इतिहासाचे शिक्षक आहों; शेअरबाजाराचें भविष्य वर्तविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु द्यूतगृहाच्या मालकींत भाग घ्यावा कीं घेऊं नये हा प्रश्न आजचा नव्हे. युरोपांत त्याला पावणेदोनशें वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि तो इतिहास मोठा बोलका आहे.

आपल्याकडे द्यूत म्हटलें कीं धर्मराज आणि शकुनि हे दोघे डोळ्यांपुढें उभे राहतात: एक हरणारा व एक जिंकणारा. पण द्यूताच्या सभेंत तिसराही एक मनुष्य असतो, आणि त्याच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. आपल्या प्राचीन ग्रंथांत त्यास ‘सभिक’ असें नांव आहे. हा द्यूतगृहाचा चालक. मृच्छकटिकांत हरलेल्या जुगाऱ्याच्या पाठीमागें वसुलीसाठीं धांवणारा माथुर हा असाच एक सभिक. याज्ञवल्क्यस्मृतींत या सभिकाची मिळकत ठरवून दिली आहे: मोठ्या जिंकीवर शेंकडा पांच, एरव्हीं शेंकडा दहा, आणि लगेच पुढें असें सांगितलें आहे कीं, राजाकडून नीट संरक्षण मिळाल्यावर सभिकानें ठरलेला भाग राजास द्यावा. कौटिल्यानें तर स्वतंत्र द्यूताध्यक्षच नेमला आणि जिंकीचा शेंकडा पांच हिस्सा सरकारजमा करावयास सांगितला. उलटपक्षीं मनूचें मत असें कीं, राजानें द्यूत आपल्या राज्यांतून समूळ काढून टाकावें. धंदा एकच, पण एका शास्त्रकाराच्या मतें तो करपात्र, तर दुसऱ्याच्या मतें त्याज्य. राजा उद्यां याज्ञवल्क्याचें ऐकेल कीं मनूचें, यावर सभिकाचें पोट अवलंबून! फांशांशीं त्याचा संबंध त्या मानानें थोडा. पुढील सारा इतिहास म्हणजे या एका गोष्टीचा विस्तार आहे, असें म्हटलें तरी चालेल.

प्रथम आमच्या विद्यार्थ्याच्या म्हणण्यांत जेवढें सत्य आहे तेवढें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. रूलेटच्या चक्राला ३७ घरें असतात. १ ते ३६ आणि एक शून्य. एका आंकड्यावर लावलेला रुपया लागला तर ३५ रुपये नफा मिळतो. न्यायाच्या हिशेबानें तो ३६ रुपये असावयास हवा. हा जो एका रुपयाचा फरक, तीच मालकाची मिळकत. शंभर रुपयांच्या पणामागें ती सरासरी २ रुपये ७० पैसे पडते. आतां तांबड्या-काळ्यावर एकेका रुपयाचे शंभर डाव झाले असें समजा. मालकाची सरासरी मिळकत पावणेतीन रुपये, पण दैवाचा हेलकावा मात्र साधारण दहा रुपयांचा. तेव्हां शंभर डावांअखेर मालकच तोट्यांत असला तर त्यांत नवल नाहीं. दहा हजार डावांत मिळकत २७० रुपये व हेलकावा शंभराचा. आतां तोटा क्वचितच. दहा लाख डावांत मिळकत २७ हजार आणि हेलकावा अवघा एक हजाराचा. तेथें तोट्याची गोष्टच नको. डावांची संख्या वाढत जाते तसतसें दैव मालकाच्या घरीं नोकरासारखें राबूं लागतें.

माँटे कार्लो येथें १८ ऑगस्ट १९१३ रोजीं एका टेबलावर काळा रंग लागोपाठ २६ वेळां आला. आतां तांबडा आलाच पाहिजे, असें म्हणून खेळाडू दर डावाला अधिकाधिक पैसे तांबड्यावर लावीत गेले, आणि त्या रात्रीं कंपनीनें लाखों फ्रँक मिळविले. चक्राला स्मरणशक्ति नसते हें त्या मंडळींच्या ध्यानांत राहिलें नाहीं. अशा धंद्याच्या भागधारकास चक्रापासून फारसें भय नाहीं, हें आम्हांस कबूल आहे. मग भय कोठून येतें, तें पाहण्यासाठीं ज्या दोघां भावांनीं हा धंदा नांवारूपास आणला त्यांच्या चरित्राकडे वळूं.

फ्रांस्वा ब्लां आणि लुई ब्लां हे जुळे भाऊ १८०६ मध्यें दक्षिण फ्रान्समधील एका लहान गांवीं जन्मले. त्यांनीं पैसा प्रथम केला तो द्यूतगृहांत नव्हे, तर सरकारी रोख्यांच्या बाजारांत. त्या काळीं फ्रान्समध्यें विजेची तार नव्हती. टेकड्याटेकड्यांवर मनोरे बांधून त्यांवरील लांकडी हातांच्या खुणांनीं सरकारी संदेश पाठवीत. पॅरिसच्या बाजारभावाची बातमी बोर्दोला टपालानें पोंचावयास कांहीं दिवस लागत. या भावांनीं तारायंत्रावरील माणसांस लांच देऊन सरकारी संदेशांत ठराविक चुका घुसविण्याची युक्ति काढली; त्या चुकीवरून रोख्यांचा भाव चढला कीं उतरला हें त्यांस बोर्दोमध्यें इतरांच्या आधीं कळे. ही लबाडी दोन वर्षें चालली व १८३६ मध्यें उघडकीस आली. खटला झाला, पण असें कृत्य गुन्हा ठरविणारा कायदाच अस्तित्वांत नसल्यामुळें ते शिक्षेवांचून सुटले. कायद्याच्या एका रिकाम्या जागेनें आपणांस तारलें, हा अनुभव फ्रांस्वा ब्लां जन्मभर विसरला नसावा. कारण पुढें त्यानें आपली सारी दौलत कायद्याच्या अशाच रिकाम्या जागांत उभी केली.

१८३७ च्या अखेरीस फ्रान्सनें आपलीं द्यूतगृहें बंद केलीं. खेळणारे मात्र नाहींसे झाले नाहींत. ते सरहद्दीपलीकडे जाऊं लागले. जर्मनींत फ्रँकफुर्टजवळ हेस-होंबुर्ग नांवाचें एक चिमुकलें, कर्जांत बुडालेलें संस्थान होतें. तेथील संस्थानिकाकडून ब्लां बंधूंनीं मक्ता घेतला आणि १८४१ मध्यें खेळ सुरू केला. इतरत्र चक्रावर दोन शून्यें असत. यांनीं एकच ठेवलें. शेंकड्यामागील नफा कमी झाला, पण गिऱ्हाईक लोटलें. रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्स्की याच होंबुर्गला खेळून नागवला गेला होता, आणि ‘जुगारी’ ही कादंबरी त्यानें १८६६ मध्यें लिहिली ती अशाच अनुभवांवर.

होंबुर्गच्या मक्त्यावर पहिलें संकट १८४९ मध्यें आलें. फ्रँकफुर्ट येथील राष्ट्रसभेनें जर्मनींतील द्यूतगृहें बंद करण्याचें ठरविलें, आणि होंबुर्ग ऐकेना म्हणून तेथें सैन्य पाठविलें. पण थोड्याच दिवसांत ती राष्ट्रसभाच मोडली आणि चक्र पुन्हां फिरूं लागलें. दुसरें संकट टळण्यासारखें नव्हतें. १८६६ च्या युद्धानंतर होंबुर्ग प्रशियाच्या पोटांत गेलें. प्रशियाच्या सरकारास या मिळकतीची गरज नव्हती आणि या धंद्याविषयीं आदरही नव्हता. मुदत घालून देण्यांत आली, आणि ३१ डिसेंबर १८७२ रोजीं होंबुर्गचें चक्र थांबलें. बाडेन-बाडेन, वीसबाडेन या प्रसिद्ध ठिकाणींही त्याच वेळीं शेवट झाला. होंबुर्गचें द्यूतगृह पुन्हां उघडलें तें १९४९ मध्यें. ध्यानांत घ्यावें कीं, त्या एकतीस वर्षांत चक्रानें मालकाशीं कधींच बेइमानी केली नव्हती. मोठमोठे खेळाडू मोठमोठ्या रकमा जिंकून गेले, तरी वर्षाअखेर हिशेब मालकाच्या बाजूसच जमे. धंदा मोडला तो एका युद्धाच्या निकालानें, आणि त्या युद्धाचा द्यूताशीं कांहींएक संबंध नव्हता.

फ्रांस्वा ब्लां याला हें पुढचें संकट आधींच दिसलें असावें. १८६३ मध्येंच त्यानें मोनॅकोच्या राजाकडून पन्नास वर्षांचा मक्ता मिळविला होता. त्या वेळचें मोनॅको म्हणजे एक उजाड खडक. मांतों व रोकब्र्यून हे दोन गांव १८४८ मध्यें बंड करून फुटले आणि १८६१ मध्यें ४० लक्ष फ्रँक घेऊन राजानें त्यांवरील हक्क फ्रान्सला विकला. राज्याचा बहुतेक सर्व मुलूख त्याबरोबर गेला. पूर्वींच्या मक्तेदारांनीं १८५६ पासून तेथें द्यूतगृह चालविण्याची खटपट केली होती. परंतु नीट रस्ता नाहीं, उतरावयास जागा नाहीं, अशा ठिकाणीं खेळावयास येणार कोण? ब्लांनें कंपनी काढली. तिच्या नांवाचा अर्थ ‘समुद्रस्नानाची आणि परदेशीयांच्या क्लबाची मंडळी’ असा होतो. जुगार हा शब्द त्यांत कोठेंही नाहीं, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. १८६४ मध्यें भव्य हॉटेल उघडलें, १८६६ मध्यें राजा तिसरा चार्ल्स याच्या नांवानें त्या टेकडीस माँटे कार्लो हें नांव मिळालें, १८६८ मध्यें आगगाडी आली, आणि १८६९ मध्यें राजानें प्रजेवरील प्रत्यक्ष कर उठविले. राज्याचा खर्च आतां चक्रच चालवूं लागलें. स्वतः मोनॅकोच्या प्रजाजनांस मात्र तेथें खेळण्याची मनाई होती, आणि ती आजही आहे. विष विकावें, पण आपल्या विहिरींत कालवूं नये, एवढा शहाणपणा त्या राजाजवळ होता.

यानंतरचीं चाळीसपन्नास वर्षें भागधारकांच्या दृष्टीनें सुवर्णयुगच होतें, हें आम्हीं लपवूं नये. ‘ब्लां’ या शब्दाचा फ्रेंच भाषेंत पांढरा असा अर्थ होतो. तेव्हां तांबडें जिंको कीं काळें जिंको, शेवटीं जिंकतो तो पांढराच, अशी कोटी लोक करीत. तो १८७७ मध्यें मरण पावला तेव्हां त्याची एक मुलगी एका पोलिश राजघराण्यांत पडली होती. दुसरी १८८० मध्यें नेपोलियनच्या कुळांत गेली. हरण्याच्या बातम्यांतूनही कंपनीस लाभच होई. १८९१ मध्यें चार्ल्स वेल्स नांवाच्या इंग्रजानें तेथें पुनःपुन्हां ‘बँक फोडली’. बँक फोडणें म्हणजे त्या एका टेबलावरची रोकड संपविणें. अशा वेळीं टेबलावर काळें कापड घालीत आणि तिजोरींतून नवी रोकड येई. त्याची कीर्ति ऐकून हजारों नवे खेळाडू आले. वेल्स हा मूळचा ठक. बनावट शोधांच्या पेटंटांवर लोकांकडून उकळलेले पैसे घेऊन तो खेळावयास आला होता, आणि १८९३ मध्यें तुरुंगांत गेला. त्याला भांडवल पुरविणारे बुडाले; माँटे कार्लोच्या कंपनीला भांडवल पुरविणारे फळले.

एवढ्यावरच कथा संपविली तर आमच्या विद्यार्थ्याचा पक्ष सिद्ध झाला असें होईल. पण मक्ता पन्नास वर्षांचा होता, आणि तो १९१३ मध्यें संपावयाचा होता. मक्त्याची मुदत जवळ येते तेव्हां मालक कोण आणि गडी कोण हें स्पष्ट होतें. १८९८ मध्यें मक्ता पन्नास वर्षांसाठीं वाढवून मिळाला. त्यासाठीं राजा पहिला आल्बर्ट याला १८९९ मध्यें एक कोटि फ्रँक आणि १९१३ मध्यें दीड कोटि फ्रँक द्यावयाचें ठरलें, आणि शिवाय दरसालची खंडणी, तीही ठराविक वर्षांनीं चढत जाणारी. हा राजा समुद्रशास्त्राचा मोठा अभ्यासक होता. मोनॅकोचें समुद्रसंग्रहालय १९१० मध्यें त्यानेंच उघडलें. विद्येला पैसा मिळाला याचा आम्हां मास्तरमंडळींस आनंदच आहे. परंतु भागधारकाच्या बाजूनें पाहिलें तर असें दिसेल कीं, चक्रानें शेंकड्यामागें जे थोडेथोडे जमविले त्यांतील मोठा वांटा एका सहीच्या बदल्यांत गेला. आणि ती सही नाकारण्याचा अधिकार एकट्या राजास होता.

पुढें १९१४ चें महायुद्ध आलें. रशियन उमराव, जे तेथील सर्वांत मोठे आश्रयदाते, ते १९१७ च्या क्रांतीनंतर नाहींसेच झाले. कंपनी खालावली. १९२३ मध्यें शस्त्रास्त्रांचा प्रसिद्ध व्यापारी बॅझिल झाहारॉफ यानें तिचा ताबा घेतला, ब्लांच्या मुलास दूर व्हावें लागलें, आणि तीन वर्षांनीं झाहारॉफही आपले शेअर विकून मोकळा झाला. खरा घाव बसला तो १९३३ मध्यें. फ्रान्सनें आपल्या हद्दींत रूलेट खेळण्यास परवानगी दिली. इटलींत सान रेमो येथें त्यापूर्वींच चक्र फिरूं लागलें होतें. जी मनाई १८३७ मध्यें फ्रान्सनें घातली, तिच्याच पोटीं ब्लांचा धंदा जन्मला होता. ती उठतांच मोनॅकोचा एकाधिकार गेला. या धंद्यास बंदी मारते हें आपणांस सहज पटतें. परंतु शेजाऱ्याला मिळालेली परवानगीही तितकीच मारते, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें.

या कथेंतील सर्वांत बोधप्रद प्रकरण अद्याप सांगावयाचें आहे. ग्रीक जहाजमालक ॲरिस्टॉटल ओनॅसिस यानें १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत निरनिराळ्या कंपन्यांच्या नांवें गुपचूप शेअर घेऊन या कंपनीवर वर्चस्व मिळविलें. जगांतील अत्यंत धनाढ्य आणि धूर्त माणसांपैकीं तो एक. हॉटेलें वाढवावींत, नव्या प्रवाशांस ओढावें, असें राजा तिसरा रेनिए यास वाटे. ओनॅसिसचा त्या बाबतींत हात आंखडता होता. तंटा वाढला. अखेर १९६६ मध्यें मोनॅकोनें कायदा केला कीं, कंपनीनें सहा लक्ष नवे शेअर काढावे आणि ते राज्यानें घ्यावे. एका रात्रींत ओनॅसिसचें बहुमत अल्पमत झालें. तो तेथील सर्वोच्च न्यायालयांत गेला. पण तें न्यायालयही मोनॅकोचेंच! १९६७ मध्यें तो हरला, शेअर विकले, आणि निघून गेला. ओनॅसिसनें कोणताही डाव चुकीचा टाकला नव्हता. त्याच्यापाशीं जहाजें होतीं, वकील होते, पैसा होता. पण कायदा करण्याची लेखणी दुसऱ्याच्या हातीं होती.

ही कंपनी आजही चालू आहे. पॅरिसच्या बाजारांत तिचे शेअर विकत मिळतात, बहुसंख्य शेअर मोनॅकोच्या राज्याकडेच आहेत, आणि तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग आतां चक्रापासून नव्हे, तर हॉटेलें आणि घरभाडें यांपासून येतो. द्यूताच्या कंपनीनें दीर्घायुष्य मिळविलें तें द्यूतावरचें ओझें हलकें करून, असें यावरून म्हणतां येईल.

हें सर्व परमुलखांतील, असें म्हणून कोणीं स्वस्थ बसूं नये. आपल्या शेजारीं गोमंतकांत १९७६ चा जुगारबंदीचा कायदा आहे. त्यांत १९९२ मध्यें पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांसाठीं आणि १९९६ मध्यें जहाजांवरील खेळांसाठीं दार उघडण्यांत आलें. मांडवींत कॅसिनोचीं जहाजें उभीं राहिलीं. तीं तेथून हलवावयाचीं कीं नाहींत हा वाद वर्षानुवर्षें मुदतवाढीवर मुदतवाढ घेत चालला. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांस तेथें खेळण्यास मनाई झाली. मोनॅकोच्या राजाची युक्ति दीडशें वर्षांनीं मांडवीतीरीं अवतरली म्हणावयाची! महाराष्ट्राची गोष्ट याहून चमत्कारिक. कॅसिनोंचें नियंत्रण करून त्यांजवर कर बसविणारा कायदा येथें १९७६ मध्येंच झाला, परंतु तो कधींच अंमलांत आणला गेला नाहीं, आणि २०२३ मध्यें विधिमंडळानें तो रद्द केला. सत्तेचाळीस वर्षें तो कायदा कागदावर राहिला. त्यावर आशा ठेवून कोणीं पैसे गुंतविले असते तर काय हातीं लागतें याची कल्पनाच केलेली बरी.

गोमंतकांतील कॅसिनो चालविणारी डेल्टा कॉर्प ही कंपनी मुंबईच्या शेअरबाजारांत नोंदलेली आहे. ११ जुलै २०२३ रोजीं वस्तु व सेवा कर परिषदेनें असें ठरविलें कीं, कर कॅसिनोच्या निव्वळ मिळकतीवर नव्हे, तर खेळाडूनें लावावयास आणलेल्या पूर्ण रकमेवर शेंकडा २८ या दरानें घ्यावा. दुसऱ्याच दिवशीं या कंपनीचा शेअर शेंकडा वीसहून अधिक घसरला. सप्टेंबरांत मागील वर्षांच्या करापोटीं ती कंपनी आणि तिच्या पोटकंपन्या यांवर मिळून १६,८०० कोटि रुपयांहून अधिक रकमेच्या नोटिसा लागल्या. कंपनीच्या सर्व शेअरांची बाजारांतील त्या वेळची किंमत घेतली तर ही मागणी तिच्या तिपटीहून अधिक होती. शेअर पुन्हां कोसळला आणि प्रकरण न्यायालयांत गेलें. मागणी न्याय्य होती कीं अन्याय्य, याचा निर्णय करण्याचें हें स्थळ नव्हे. आमचें सांगणें एवढेंच कीं, त्या दोन महिन्यांत मांडवीवरील एकाही चक्रानें आपला स्वभाव बदलला नव्हता. पुढें ऑगस्ट २०२५ मध्यें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा लोकसभेंत २० तारखेस, राज्यसभेंत २१ तारखेस संमत झाला, आणि २२ तारखेस राष्ट्रपतींची त्यावर सही झाली. प्रशियानें होंबुर्गला वर्षांची मुदत दिली होती. येथें तीन दिवस पुरले.

आतां तराजू हातीं घेऊं. एका पारड्यांत चक्राचें निश्चित गणित, भरपूर रोकड आणि माणसाच्या स्वभावांत न आटणारा झरा. दुसऱ्या पारड्यांत तीन भयें: गिऱ्हाइकांवर येणारें संकट, शेजारीं उघडणारें दुकान, आणि राज्यकर्त्याची लेखणी. पहिलीं दोन भयें हॉटेलवाल्यास आणि कापडवाल्यासही असतात. तिसरें कांहीं अंशीं सर्वांनाच असतें, परंतु या धंद्यास विशेष. आणि त्याचें कारण नैतिक आहे. कापडगिरणीवर जबर कर बसला तर कामगार, व्यापारी, वर्तमानपत्रें सर्व ओरड करतात, आणि सरकारास दहा वेळां विचार करावा लागतो. द्यूतगृह बंद झालें तर पेढे वांटले जातात. ज्या धंद्याच्या बाजूनें चारचौघांत बोलावयास कोणी उभा राहत नाहीं, त्याचा नफा सरकारास घ्यावासा वाटला म्हणजे आड येणारें कोणी नसतें. नीति आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असें आपण समजतों. परंतु या धंद्यांत लोकांची नापसंती हीच ताळेबंदांत न दिसणारी, पण सर्वांत मोठी जोखीम होऊन बसते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊं. सुरक्षित ठेवीवर शेंकडा सात मिळतात आणि अशा शेअरवर सालोसाल शेंकडा बारा मिळण्याचा संभव आहे असें धरा. जास्तीचे पांच हा जोखमीचा मोबदला. आतां दर वर्षीं दहांत एक एवढा संभव असा आहे कीं, एखाद्या कायद्यानें किंवा करानें भांडवलाची निम्मी किंमत जाईल. सरासरीनें ही हानि वर्षास शेंकडा पांचच होते; म्हणजे मोबदला आणि जोखीम यांची फिटंफाट झाली. पण सरासरी ही ज्याच्याजवळ पुष्कळ डाव आहेत त्याच्या उपयोगाची. द्यूतगृहाच्या मालकाजवळ दहा लाख डाव असतात. निवृत्त कारकुनाजवळ एकच असतो. जी गणिताची देवी आंत मालकावर प्रसन्न असते, तीच बाहेर त्याच्या लहान भागधारकाकडे पाठ फिरविते. मालकाच्या बाजूस बसलों असें त्यास वाटतें. वस्तुतः तो एका मोठ्या टेबलावर खेळाडू म्हणूनच बसलेला असतो, आणि त्या टेबलावरचें शून्य केव्हां येईल याचा कोणालाच हिशेब नाहीं.

“मग घेऊंच नये का?” आमच्या विद्यार्थ्यानें विचारलें. तसें आम्हीं म्हटलें नाहीं. इतिहास एकतर्फी साक्ष देत नाहीं; ब्लांच्या काळीं ज्यांनीं शेअर घेतले व वेळींच विकले ते सुखी झाले. आम्हीं त्याला चार प्रश्न लिहून दिले. परवाना किती वर्षांचा आहे, आणि वाढवून देण्याची सही कोणाची? कर मिळकतीवर कीं लावलेल्या रकमेवर? चक्र थांबलें तर कंपनीपाशीं हॉटेल, जमीन असें दुसरें काय उरतें? आणि चौथा: ही सर्व रक्कम नाहींशी झाली तर बहिणीची पुढच्या वर्षाची फी कोठून भरशील? पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें शोधून आणतों, असें तो म्हणाला. चौथ्यावर तो कांहीं बोलला नाहीं. कागद घडी करून खिशांत घातला आणि बाबांना दाखवितों म्हणाला.

पंधरा दिवसांनीं त्याचा निरोप आला. वडिलांनीं पहिले तीन प्रश्न नीट वाचलेही नाहींत. ते म्हणाले, “मीं अडतीस वर्षें लोकांच्या मनिऑर्डरी वांटल्या. मनिऑर्डरीच्या दिवशीं कोणत्या घराच्या दाराशीं माझ्याआधीं आंकड्यावाल्याचा माणूस येऊन बसलेला असे, तें मला अजून आठवतें. त्या पैशांतला हिस्सा मला नको.” रक्कम टपालाच्या बचतयोजनेंत आणि बँकेंत राहिली. आमच्या विद्यार्थ्यानें आपल्या स्वतःच्या पगारांतून त्या कंपनीचे दहावीस शेअर घेतले कीं नाहीं, हें आम्हीं विचारलें नाहीं. घेतले असल्यास तो त्याचा डाव आहे, आणि कोणाशीं खेळत आहों हें तरी आतां त्याला ठाऊक आहे.